विहिरीला पाणी आलं ती आखाजी

नव्वद सालाच्या आसपास, चोपड्याकडच्या आमच्या गावात, मी देवावर खरंच रुसले होते. माझे यजमान गावचे सरपंच. सारे त्यांना नाना म्हणत. ऊन दरवर्षी चढत होतं, पाऊस कमी होत चालला होता आणि गावविहिरीभोवतीच्या मळ्यांत एकाहून एक खोल बोअर होत होते. चैत्रात विहिरीने तळ दाखवला. नानांनी पावसाळ्यापर्यंत त्या भागातल्या मोटारी बंद ठेवायचं ठरवलं आणि पहिली आमचीच बंद केली. घड लागलेली केळीची बाग उभी होती. मी खूप भांडले, आधी दुसऱ्यांना करू द्या म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "मन्हीच मोटर चालू राहिनी, तं लोकस्ले कोनता तोंडे सांगू?"

रोज देव्हाऱ्यातल्या कानबाई देवीपुढे बसून मी एकच मागायचे, आई, यांची मती फिरव. तिने ऐकलं नाही. हळूहळू शेजाऱ्यांच्याही मोटारी थांबल्या, पण आमची बाग माझ्या डोळ्यांदेखत करपली. घड काळे पडले, तेव्हा मी देव्हाऱ्यात दिवा लावणंच सोडून दिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी सासूसासऱ्यांच्या नावाने घागर भरायची, तर घरात पाण्याचा थेंब नाही. कोरडी घागर पुढ्यात घेऊन मी रडत बसले. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतली एक बाई डोक्यावर हंडा घेऊन दारात आली. बौद्धांच्या घरची, आमच्याकडे कधी न आलेली. म्हणाली, "अक्का, विहीरले पानी उनं. नानास्नी बाग गई, म्हनीसन पहिला हंडा तुमना." तिने घागर भरली. मला वाटलं, देवीच दारात आली. मी पाया पडायला वाकले, तर तिने संकोचून माझे हात धरले.

मागच्या अंगणात जाऊन नानांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बठ्ठास्ले पुरी का?" हो, सगळ्यांना पुरेल, म्हटलं आणि स्वयंपाकाला लागले.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. मोटारी पुन्हा सुरू झाल्या, विहीर पुन्हा आटली. थोड्याच वर्षांत नाना गेले. देवीने माझं मागणं ऐकलं नाही ही तिची दयाच होती, हे मला उशिरा कळलं. आता मी काही मागत नाही; ती देईल त्याला हात जोडते. पण ‘तुमचं बरोबर होतं’ एवढं त्या आखाजीच्या सकाळी मी नानांना म्हणायला हवं होतं. ते काही देवीकडे मागायचं नव्हतं, मीच द्यायचं होतं.