कारल्यावरची माशी

पिंपळनेरला माझं शेती औषधांचं दुकान होतं तेव्हाची, नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जवळच्या गावातल्या एक अक्का दरवर्षी कारली लावायच्या. फळमाशीसाठी मी दिलेलं औषध सुरुवातीला त्यांना चांगलं लागू पडलं. त्या वर्षी मात्र त्या तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आल्या.

"कालवताना पाणी जास्त होत असेल अक्का. औषध थोडं वाढवा," मी म्हणालो.

"भाऊ, पाणी मी मोजीसन टाकस," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू ये. सोता देख."

मला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या मळ्यात गेलो, माझ्या हातांनी औषध कालवलं, पंप पाठीवर घेऊन सगळे वेल फवारले. दुपारी जेवून आम्ही परत मांडवाखाली गेलो. थोड्या माश्या खाली पडल्या होत्या. बाकीच्या खुशाल कोवळ्या कारल्यांवर बसून पुढचे पाय घासत होत्या. अक्कांनी एक पिवळं पडलेलं कारलं मोडलं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"आते काय करानं?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला गेलो तेव्हा देवपुरात राहणाऱ्या, कीटकांचा अभ्यास असलेल्या एका प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी विचारलं, "किती वर्षं हेच औषध देताय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मरायच्या त्या मेल्या. ज्या पचवून उरल्या, त्यांचीच पिलावळ आता वेलावर आहे. हे औषध थांबवा. किडलेली फळं वेचून खोल पुरा. अळी फळातून मातीत जाते, तिथेच तिची माशी होते."

परतीच्या एसटीत मला अक्कांवर घेतलेला संशय आठवत राहिला. त्यांनी काही चुकवलं नव्हतं. चांगलं लागू पडतं म्हणून तेच ते औषध मीच हंगामामागून हंगाम त्यांच्या हातात ठेवत आलो होतो, आणि एकट्या त्यांच्याच नव्हे.

मी जाऊन त्यांना तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. घमेलं घेऊन रोज सकाळी मांडवाखालची फळं वेचू लागल्या. पुढच्या वर्षी बरीच कारली वाचली. सगळी नाही.

ते औषध मी दुकानातून काढून टाकलं असं म्हणता येणार नाही. लोक मागायचे, मी द्यायचो. फक्त आधी विचारायचो, मागच्या खेपेला कोणतं औषध मारलं होतं? बहुतेक जण जरा आठवून म्हणायचे, "हेच."