हवालदाराचा टोप

गवत कापायच्या मशिनीला खाली एक लोखंडी टोप असतो, पालथ्या पातेल्यासारखा. त्याच्या आत पातं फिरतं. कापलेलं ओलं गवत टोपाला आतून चिकटतं. आज चिकटलं, उद्या त्याच्यावर दुसरं. वेळच्या वेळी खुरप्यानं खरवडलं नाही तर थरावर थर बसतो आणि त्या ओलीनं लोखंड गंजतं.

किश्श्यांचंही तसंच. मी गावातल्या माजी सैनिकांच्या भवनात माळी. किती वर्षं झाली ते आमच्या सुभेदार साहेबांना विचारा, मला आकडे राहत नाहीत. किस्से मात्र राहतात. कुणी सांग म्हणत नाही, आपण सांगत नाही, आत नुसते बसतात एकावर एक. आता मशीन उताणी केलीच आहे, तर खरवडतो. निघेल तेवढं निघेल.

*

आमचं गाव कोरेगावपासून थोडं आत. घरटी एक माणूस मिलिटरीत. भवनापुढं मोकळी जागा, मधोमध काळी शिळा, शिळेला हातभर उंचीचा कठडा. शिळेवर लढाईत गेलेल्या गावच्या पोरांची नावं. सुभेदार साहेब रिटायर होऊन आले तेव्हा तिथं नुसती कुसळं आणि दगड होते. साहेबांनी सगळं एकदा फिरून बघितलं आणि ऑर्डर दिली, "तात्या, हितं लॉन करायचं."

लॉन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी हातवारे करून समजावलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे हरळी?"

"व्हय. हरळीच."

आता बघा, उसाच्या पट्ट्यातला माणूस जन्मभर हरळी उपटतो. उपटून उन्हात टाकतो, तरी ती मेली का बघायला दुसऱ्या दिवशी परत जातो. आणि मी बांधाबांधावरनं हरळी गोळा करून आणली, एकेक काडी लावली आणि वर झारीनं पाणी घातलं! लोक गाड्या थांबवून बघायचे. एक म्हातारा दोन दिवस लांबनं बघून गेला. तिसऱ्या दिवशी जवळ आला आणि हळूच म्हणाला,

"तात्या, घरात काय भांडण झालंय का?"

*

मशीन साहेबांनी छावणीतल्या लिलावात घेतली. त्यांच्याच युनिटची होती ती. शेवटच्या पोस्टिंगला साहेब आणि आपल्याच गावचा हवालदार यशवंता, दोघं मिळून मेसपुढचं गवत त्या मशिनीनं कापायचे. कुणी सांगितलं नव्हतं. रानातली माणसं, सुट्टीला हात रिकामा बसत नाही. पुढं यशवंता सरहद्दीवरनं आला तो तिरंग्यात. शिळेवरचं शेवटचं नाव त्याचं.

दरसाली यशवंताच्या पुण्यतिथीला शिळेभोवतीचं गवत साहेब स्वतः कापायचे. कठड्याला चाक घासत सुरुवात करायची आणि बाहेर बाहेर जायचं. बारा फेऱ्या बसतात. बाकी वर्षभर मी.

पहिल्याच वर्षी साहेब मला म्हणाले, "तात्या, बाकीचं लॉन कशानंबी काप. पर शिळंभवतीचं गवत ह्याच मशिनीनं. ही चालतीया तवर तिथं दुसरं हत्यार लावायचं न्हाई."

मी म्हणालो, "व्हय साहेब."

तेव्हा टोप शाबूत होता. व्हय म्हणायला काय जातंय!

*

टोप पहिल्यांदा फुटला तो मागच्या बाजूला. भोक चिंचोक्याएवढं. मी मशीन ढकलत दादू मिस्त्रीकडं नेली. दादूचं दुकान स्टँडच्या मागं. नांगराच्या फाळापासून देवळाच्या घंटेपर्यंत सगळं जोडतो. त्यानं वेल्डिंगची काठी टेकवली मात्र, चिंचोक्याचं भोक पेरूएवढं झालं!

दादू काच बाजूला करून म्हणाला, "तात्या, गंजल्याल्या पत्र्याला आग दाखवायची नसती. म्हाताऱ्या माणसागत हाय ते. रागं भरलं की आनखी फाटतं."

मग त्यानं वेल्डिंग सोडलं. बाहेरनं लोखंडाची तिरकी पट्टी बसवली, नटबोल्टनं आवळली. ती टिकली. पुढल्या पावसाळ्यात तिच्या खाली दुसरी पट्टी, त्याच्या पुढल्या पावसाळ्यात तिसरी.

साहेबांनी पहिली पट्टी बघितली तेव्हा म्हणाले, "अरे वा, एक फीत लागली. लान्स नाईक झाली मशीन." दुसरीला म्हणाले, "नाईक." तिसरी बसली तेव्हा टाचा जुळवल्या. मशिनीपुढं सरळ उभे राहिले आणि कडक सॅल्यूट ठोकला.

तीन फिती हवालदाराच्या. तेव्हापासून मशिनीचं नाव हवालदार.

*

दादूनं एकदा सल्ला दिला, "टोपाला आतनं जळकं ऑइल फासत जा, गंज थांबतो." मी फासलं. जरा हात सैल सोडूनच फासलं. आठ दिवसांनी बघतो तर लॉनभर पिवळे पट्टे! जिथं जिथं ऑइल गळलं तिथं तिथं हरळी जळालेली. जी हरळी आमच्या आज्या-पणज्याला मारता आली नाही, ती मी मारून दाखवली.

साहेब व्हरांड्यात कमरेवर हात ठेवून बघत होते. मी मान खाली घालून उभा.

"तात्या, ह्ये काय? कॅमोफ्लाज?"

मग मी करडईच्या तेलावर आलो. ते गळलं तरी गवत जळत नाही. रोज काम झालं की टोप खरवडायचा, फडक्यानं पुसायचा आणि तेलाचा हात फिरवायचा. घरात एक दिवस तेलाचा डबा हलका लागला. आमच्या मंडळींनी तपास लावला आणि थेट भवनावर आल्या. मी मशीन उताणी करून मन लावून चोळत होतो. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"आवं, माझ्या तीन बाळंतपणांत मिळून कुणी एवढं तेल चोळलं न्हवतं!"

*

एका हिवाळ्यात मशीन दादूकडं दीड महिना पडून राहिली. पार्ट मिळत नव्हता. इकडं गवत पोटरीला लागलं आणि सव्वीस जानेवारी आठवड्यावर. तेवढ्यात आटपाडीकडचा बिरू मेंढरं घेऊन आला. दरसाली येतो, कापल्या उसाच्या रानात बसतो. त्यानं फाटकातनं लॉन बघितलं. मेंढरांनीही बघितलं.

बिरू म्हणाला, "तात्या, माझ्या मशिनीस्नी चालू करायला दोरी वडावी लागत न्हाई. पेट्रोल न्हाई, गंज न्हाई. सोडू का?"

मी विचार केला. बाकीचं लॉन कशानंबी काप, असं साहेबांनीच सांगितलं होतं. मेंढरं 'कशानंबी'मध्ये बसतात. शिळेभोवती मात्र मी बारा फेऱ्यांच्या अंतरावर चार खुंट्या मारल्या, दोरी बांधली, आणि मेंढरं सोडली. दोन दिवसांत लॉन गालिच्यासारखं झालं.

झेंडावंदनाला साहेब इन्स्पेक्शनला आले. चार पावलं चालले, थांबले, बुटाखाली बघितलं.

"गवत फस्ट क्लास हाय तात्या. पर ह्यो दारूगोळा कुणी सांडला?"

सगळं भवन हसलं. मग साहेबांचं लक्ष शिळेकडं गेलं. सगळीकडं गवत बारीक, आणि तेवढ्या जागेत पोटरीइतकं उभं. आलेले पाहुणे विचारायला लागले, हे का ठेवलंय, कापायचं राहिलं का? मी पुढं व्हायच्या आधी साहेबच म्हणाले,

"राहिलं न्हाई. ज्याचं काम हाय त्यो आजारी हाय. येईल."

*

चौथं भोक मोठं पडलं. तळहात आरपार जायचा. त्याला पट्टी पुरणार नव्हती. दादूला गुऱ्हाळावरची मोडकी काहील मिळाली, गूळ कढवायची. तिचा पत्रा जाड. तेवढा तुकडा कापून त्यानं टोपाला बसवला. पण कितीही घासला तरी त्या लोखंडातला गूळ काही जाईना. मशीन तापली की लॉनभर काकवीचा वास! आणि सकाळी शेड उघडावी तर मशिनीवर मुंगळेच मुंगळे, एकामागं एक, ओळीनं.

दादू साहेबांना म्हणाला, "साहेब, चौथी फीत लागली बघा. आता नायब सुभेदार म्हणा. शिपाई बी आल्यात कवायतीला!"

मीही हसलो. साहेब नाही हसले. खाली वाकून एक मुंगळा बोटावर घेतला, गवतात सोडला.

"न्हाई दादू. हवालदारच. ह्याच्या म्होरं यशवंता गेला न्हाई."

दादूनं पाना खाली ठेवला. त्यानंतर त्यानं कितीही ठिगळं मारली, पण बढतीचं नाव काढलं नाही. आणि पहिल्या तीन पट्ट्या दरसाली पांढऱ्या रंगानं रंगवायचा, न सांगता.

*

मग साहेबांचे डोळे गेले. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. उजेड आहे का अंधार एवढंच कळायचं. तरी रोज व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. मी मशीन सुरू केली की आवाजाकडं मान वळवायचे. एखादा खडा पात्याला लागला की तिथूनच ओरडायचे, "तात्या, उजवीकडं बघ की रं!" मी उजवीकडं बघायचो आणि खडा तिथंच असायचा.

असाच एक खडा टोपातल्या भोकातनं उडाला आणि ऑफिसची काच फुटली. कमिटीनं नवीन मशीन आणली. चांगली आहे, बॅटरीवर चालते, आवाजच नाही तिला. पहिल्या दिवशी मी तिनं अर्धं लॉन कापलं, तर साहेब व्हरांड्यातनं विचारतात,

"तात्या, आज काम न्हाई व्हय?"

शिळेभोवती मात्र हवालदारच चालवत होतो. हळूहळू, कान देऊन. टोप कुठं कुरकुरतोय ते ऐकत.

*

गेल्या साली पुण्यतिथीच्या चार दिवस आधी दादूनं टोप तपासला. चाकाजवळ बोट दाबलं, तर बिस्कीट मोडावं तसा पत्रा मोडला. दादू माझ्याकडं न बघता म्हणाला, "तात्या, आता ह्याला ठिगळ लावायला बी पत्रा ऱ्हायला न्हाई. पातं फिरवलंस तर चालवणाराचा पाय जाईल."

त्याच दिवशी साहेबांचा निरोप आला. "अंदाज हाय मला फेऱ्यांच्या वाटंचा. दरसालासारखा येतो. हवालदार तयार ठेव."

तीन दिवस माझं काही ठरेना. मशीन संपली असं सांगावं, तर ते ऐकून साहेब घरी परत कसे जाणार? आणि न सांगावं, तर पाय. शेवटी दादूकडं गेलो. त्यानं पातं काढलं आणि त्या जागी एक गोल चकती बसवली, कारण नुसतं पातं काढलं तर इंजिनाला वजन राहत नाही, दोरी उलटा हिसका देते.

पुण्यतिथीच्या सकाळी मी लवकर आलो. शिळेजवळ बसलो आणि विळ्यानं गवत कापायला घेतलं. दुसरं हत्यार लावायचं न्हाई, असं सांगितलेलं. पहिल्या मुठीला हात थांबला. मग कापलं. सगळं बारीक, बोटभर. कापलेलं गोळा करून लांब नेऊन टाकलं, काडी ठेवली नाही.

साहेब आले. बूट पॉलिश केलेले. दोरी मी ओढली. साहेबांनी दांडा धरला, पायानं कठडा चाचपला आणि चाक त्याला घासत चालू लागले. मी शेजारनं, एक हात दांड्याला लावून. नवव्या फेरीला त्यांना दम लागला. मी म्हणालो, "थांबू या का?" त्यांनी मान हलवली, नाही. बारा फेऱ्या झाल्या. मी मशीन बंद केली.

साहेब खाली बसले. गवतावरनं तळहात फिरवला, एकदा इकडं, एकदा तिकडं. मला वाटलं, झालं. निभावलं.

"इळ्यानं कापलंस," साहेब म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"पहाटं कापलंस. आत्ता कापताना वास न्हाई आला गवताचा. आनी पातं न्हाई त्याला. पैल्या फेरीलाच आवाज कळला."

"चुकलं साहेब. टोप गेला. तुमचा पाय गेला असता. शब्द मोडला मी."

साहेबांनी नुसता हात वर केला. मी धरून उठवलं. मला राहवेना.

"पर साहेब, पैल्या फेरीलाच कळलं, तर बारा कशाला मारल्या?"

साहेबांनी वाकून टोप शोधला. गरम होता, तरी हात काढला नाही. बोटानं पांढऱ्या पट्ट्या चाचपल्या. एक. दोन. तीन.

"हत्यार काढून घेतलं म्हणून हवालदारानं परेड चुकवायची व्हय रं?"