स्वावलंबनाच्या तासाला कापलेली डोकी

बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. म्हणजे, असा माझा समज होता. मास्तरकीचं शिक्षण मी वर्ध्याला घेतलं. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं, सेवाग्राम सायकलवर अर्ध्या तासावर होतं आणि आमच्याकडे चहा दिवसातून एकदाही मिळत नसला तरी स्वावलंबन मात्र चार वेळा मिळायचं. आपलं सूत आपण कातायचं, आपलं ताट आपण घासायचं, आपला संडास आपण साफ करायचा. इथवर ठीकच होतं. मी आणखी एक पाऊल पुढे गेलो आणि आपले केसही आपणच कापायचे असं ठरवून टाकलं.

पहिली नेमणूक आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात झाली. चार वर्ग, एक खोली, एक मास्तर. आई नालवाडीला थोरल्या भावाकडे राहायची. निघताना तिनं लोणच्याची बरणी पुढे केली. मी तिला स्वावलंबनावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं आणि बरणी तिथेच ठेवून निघालो. पुढे वर्षभर कोरडी भाकरी चावताना त्या बरणीची किती वेळा आठवण आली ते सांगायला लाज वाटते.

गावातही तेच. पाटलांनी पायलीभर ज्वारी पाठवली, मी परत केली. शेजारच्या बाईनं ताकाची गडवी आणली, मी हात जोडले. तिसऱ्या दिवशी गावचा न्हावी काखेत धोकटी मारून दारात उभा राहिला. चाळिशीचा, बारीक अंगाचा, डोळे मिस्कील.

"रामराम गुर्जी. बसता का?"

"नाही भाऊ," मी म्हणालो, "माझे केस मीच कापतो."

तो माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"हाव," तो म्हणाला, "दिसून राह्यलं." आणि निघून गेला.

मला वाटलं, माणूस प्रभावित झाला.

शनिवारचा शेवटचा तास मी स्वावलंबनाचा केला. वर्ध्याच्या बाजारातून दोन कात्र्या आणल्या आणि पोरांना जोडीजोडीनं शाळेपुढच्या कडुनिंबाखाली बसवलं. यानं त्याचे केस कापायचे, मग त्यानं याचे. जोडीतल्या दुसऱ्याला हिशेब चुकता करायची संधी मिळायची आणि तो ती सोडत नसे. कोणाच्या डोक्यावर पायऱ्या, कोणाच्या डोक्यावर मधोमध गाडीवाटेसारखी पांदण, एकाचा कान तर केवळ त्याच्या नशिबानं वाचला. मी मात्र हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरायचो आणि माझी छाती भरून यायची. श्रमाची प्रतिष्ठा, सहकार्य, खर्चात बचत! एका कात्रीत किती तत्त्वं बसवली होती मी!

मुली शाळेत तीनच. त्यांना मी झाडलोट दिली होती. त्यांच्यातली एक, तिसरीतली, न्हाव्याची मुलगी. भयंकर हुशार. मी फळ्यावर गणित लिहीत असतानाच मागून उत्तर यायचं. ती झाडू घेऊन उभी राहायची, पोरांकडे पाहायची आणि तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसायची. एकदा न राहवून म्हणाली, "गुर्जी, कात्री अशी नाई धरत."

"तू आपला झाडू धर," मी म्हणालो.

त्या अंगणात कात्री धरता येणारं एकच माणूस होतं आणि त्याच्या हातात मी झाडू दिला होता. हे आज लिहितानाही मला स्वतःचा राग येतो.

गाव मात्र खूश होतं. दिवाळीनंतर तपासणीस साहेब आले. कडुनिंबाखाली बारा पोरं एकमेकांची डोकी धरून बसलेली पाहून ते इतके हरखले, की पाढे विचारायचे विसरले. शेरेबुकात त्यांनी 'अनुकरणीय' असं लिहिलं. बैलगाडीत चढताना म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस इथे कशाला? वर्ध्याजवळच्या ट्रेनिंगच्या शाळेत जागा होणार आहे. मी तुमच्यासाठी लिहितो."

वर्ध्याजवळ! म्हणजे नालवाडीहून चालत जाण्याइतकं. म्हणजे रोज आईच्या हातचं वरण. माझी स्वतःची भाकरी एव्हाना मलाच पाहवत नव्हती. मी त्या रात्रीपासूनच मनात सामान बांधायला लागलो.

मग ज्वारीची खळी लागली. एक पोरगा आठवडाभर शाळेत आला नव्हता म्हणून मी त्याला शोधत खळ्यावर गेलो. बाप मोठा कास्तकार, तीन मुलं माझ्याकडे शाळेत. मी उभा असतानाच न्हावी टोपली घेऊन तिथे आला.

आमच्याकडे न्हाव्याला केस कापल्यागणिक काही मिळत नसे. वर्षभर त्यानं गावाची डोकी सांभाळायची, लेकरांची जावळं काढायची, नवरदेवाची दाढी करायची, लग्नाचा सांगावा घरोघर न्यायचा, आणि खळं झालं की प्रत्येकाकडून आपल्या वाट्याची ज्वारी घ्यायची. त्याच ज्वारीवर त्याचं घर वर्षभर चालायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. लहानपणापासून पाहिलेलं होतं. पण कात्री हातात घेताना ते एकदाही डोक्यात आलं नाही.

कास्तकारानं टोपलीत थोडी ज्वारी टाकली आणि हात झटकले.

"बस. तिघा पोट्ट्यांचे केस तं आता शाळेतच कापते. राह्यली माही एकट्याची दाढी." आणि माझ्याकडे पाहून अभिमानानं हसला. "काय गुर्जी?"

न्हाव्यानं टोपलीत पाहिलं. टोपलीचा तळ दिसत होता. माझ्याकडे न पाहताच "रामराम गुर्जी" म्हणाला आणि पुढच्या खळ्याकडे गेला. तिथेही तेच झालं असणार.

चार दिवसांनी ती मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"गुर्जी, माह्यं नाव काढून टाका."

"काऊन?" माझ्या तोंडून एकदम गावचंच निघालं.

"आमी आर्वीले चाललो. मोटार स्टँडजवळ मामाची खुर्ची हाये. बाबा तिथं केस कापीन."

"मग तिथल्या शाळेत जाशील."

"नाई. मामीले लहान लेकरू हाये. ते मले सांभाळाचं हाये."

हे तिनं असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की उद्या बाजार आहे. मी हजेरीबुक मिटून ठेवलं. नाव काढलं नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बसून वस्तऱ्याला धार लावत होता. बाजूला एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो. गाव सोडू नका, मुलगी हुशार आहे, कष्टाला प्रतिष्ठा असते, वगैरे. माझ्याजवळ व्याख्यानांची कमी कधीच नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वस्तरा अंगठ्यावर पाहिला.

"गुर्जी, तुमी आपल्या पायावर उभे राह्यले. लय चांगलं केलं. पण उभं राह्याले जागा माह्याच पायावर भेटली का तुमाले?"

माझी नजर त्या गाठोड्यावर गेली.

"मी बोलतो गावाशी," शेवटी म्हणालो.

"बोला बाप्पा. तुमचं तं ऐकते सारे."

दुसऱ्या दिवशी चावडीवर मी सांगितलं की शाळेतला कात्रीचा तास बंद, आता याचं बलुतं याला पुरतं द्या. लोक हसायला लागले. "गुर्जी, तुमीच तं शिकवलं, कोनावर अवलंबून राहू नका म्हणून!" तो तीन मुलांचा कास्तकार म्हणाला, "आता शाळेत कायले? पोट्टे शिकले, घरीच कापतीन." माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात, माझ्या तोंडावर. मी तणतणत खोलीवर आलो आणि दोन्ही कात्र्या पेटीत आपटल्या. राग त्यांचा नव्हता, माझाच मला येत होता.

आणि खरं सांगू? एक मन म्हणत होतं, जाऊ दे ना. साहेबांचा हुकूम येईल, आपण सुटू. कात्रीचा तास बंद पडला हे साहेबांना कळलं तर हुकूम यायचाही नाही. दोन दिवस मी असा स्वतःशी भांडत होतो आणि दोन्ही दिवस भाकरी करपली.

सोमवारी सकाळी शाळेत टापटिपीची तपासणी असायची. नखं, दात, केस. मी मुलग्यांची रांग लावली आणि वर्षात पहिल्यांदा त्या डोक्यांकडे मास्तर म्हणून नाही, माणूस म्हणून पाहिलं. अरे बाप्पा! काय करून ठेवलं होतं! एकही डोकं धड नव्हतं.

"सगळे घरी जा," मी म्हणालो. "डोकं नीट करून या, मगच वर्गात बसायचं."

पोरं आनंदानं पळाली. अर्ध्या तासात त्यांच्या आया आल्या, पदर खोचून.

"गुर्जी, हे काय नाटक हाये? डोकं तं तुमीच खराब केलं!"

"हो ना," मी म्हणालो, "म्हणूनच सांगतो. बघा तरी एकदा, काय करून ठेवलंय मी."

त्यांनी आपापल्या लेकरांकडे पाहिलं. आधी एक हसली, मग दुसरी. मग सगळ्याच. तेवढ्यात शेजारची ताकवाली बाई म्हणाली, "अन तुमचं डोकं कोन तपासन? मांगून तं कोंबडीनं उकरल्यावानी दिसते."

"माझंही नापास," मी म्हणालो.

आता न्हाव्याकडे जाणं आलं. पण तो काही भोळा नव्हता. सगळ्यांना एकच सांगायचा, "धार लावून राह्यलो, पण आर्वीसाठी." एक दिवस गेला, दोन गेले. शाळेत तीन मुली आणि मी. तीन मुलांच्या त्या कास्तकाराच्या घरी तिघांनी मिळून दोन मडकी फोडली आणि वासरू मोकळं सोडून दिलं, असं कानावर आलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतः डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन न्हाव्याच्या अंगणात गेला. मागे त्याची बायको होती, म्हणून वाटेत परत फिरता आलं नाही. मग बाकीचेही गेले.

गुरुवारी कडुनिंबाखाली न्हाव्यानं धोकटी उघडली. पोरं रांगेत. मुलगी बापाजवळ बसली होती. लहान पोरांच्या मानेवरचं काम त्यानं तिच्याकडे दिलं. तिची कात्री अशी सरळ चालली, की मी पाहतच राहिलो.

त्याच सकाळी पोस्टमननं मला लिफाफा दिला होता. साहेबांनी शब्द पाळला होता. पुढच्या महिन्यात वर्ध्याजवळच्या शाळेत रुजू व्हायचं. लिफाफा सदऱ्याच्या खिशात होता आणि मी अगदी खुशीत होतो. गावाचं बिघडवलेलं दुरुस्त केलं, न्हावी थांबला, मुलगी थांबली, आता आपण मोकळे. कोणाला सांगितलं नव्हतं. शनिवारी सांगणार होतो, एक लहानसं भाषण करून.

"बसा गुर्जी," न्हावी म्हणाला.

बसलो. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला. काय सुख होतं ते! केस झाले, मग त्यानं गालांना साबण लावला, माझी हनुवटी धरून मान मागे केली आणि वस्तरा गळ्यावर टेकवला.

"सकाळी पोस्टमन भेटला होता," तो म्हणाला.

"हूं," मी म्हणालो. एवढंच म्हणता येत होतं.

"वर्ध्याचा हुकूम आला म्हणे तुमचा."

"हूं."

"तुमच्या आंधी आठ महिने कुलूप होतं शाळेले. नवे गुर्जी येतच नोयते." वस्तरा एकदा खालून वर गेला. त्यानं तो फडक्याला पुसला आणि परत तिथेच टेकवला. "म्या गाठोडं बांधलं होतं. तुमी म्हणलं म्हणून सोडलं. पोरीची चौथी अजून व्हाचीच हाये. मले थांबवलं, अन तुमीच चालले गुर्जी?"

आवाजात राग नव्हता. धमकी तर मुळीच नव्हती. तो फक्त उत्तराची वाट पाहत होता आणि हात हलवत नव्हता. ती मुलगी कात्री हातात धरून माझ्याकडे पाहत होती. नालवाडीचं वरण डोळ्यांपुढे आलं, आई आली, आणि तेवढ्याच खरेपणानं ते कुलूपही आलं.

"नाही जात," मी म्हणालो.

"नीट सांगजा. वस्तरा हाये."

"हिची चौथी होईपर्यंत नाही जात."

"मंग मान वर करा," तो म्हणाला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.