गोदरीवरचा दिवा आणि दौलत कोतवालाची दवंडी

कॉलेजातल्या मैत्रिणी महाबळेश्वरला निघाल्या होत्या आणि मीही बॅग भरायला घेतली होती. तेवढ्यात बाबांनी जाहीर केलं, "तू आत्याकडे जा. हुरड्याचे दिवस आहेत." झालं! महाबळेश्वर राहिलं बाजूला आणि माझ्या वाट्याला आला बुलढाणा जिल्हा. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं आणि पुण्यातल्या आम्हा मुलींना वऱ्हाड म्हणजे शाळेच्या नकाशातला एक रंग, एवढीच माहिती. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. बाबा मूळचे तिकडचेच, नोकरीसाठी पुण्यात आलेले. त्यांनी माझ्या फुगलेल्या तोंडाकडे साफ दुर्लक्ष केलं आणि तिकीट आणून हातात ठेवलं.

मागच्या लेखावर बऱ्याच जणींनी "तिकडे जायचं कसं?" असं विचारलं होतं, म्हणून सांगते. आम्ही पुण्याहून मनमाडला गेलो, तिथे गाडी बदलून मलकापूर. आता सोयी पुष्कळ झाल्या आहेत, पण तेव्हा मनमाडच्या फलाटावर आपल्याच ट्रंकेवर बसून पुढच्या गाडीची वाट पाहणं हा प्रवासाचाच भाग असायचा. सोबतीला बाबांच्या ऑफिसातले एक अकोल्याचे गृहस्थ होते. ते सबंध वाटभर संत्री सोलून मला देत राहिले. तिकिटाला किती पैसे पडले ते आठवत नाही, थर्ड क्लासचं होतं एवढं नक्की, कारण बाकाच्या फळ्या पाठीला दोन दिवस आठवत होत्या.

मलकापूरहून एस.टी. धामणगाव बढ्याकडे जाणारी. रस्ता मातीचा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या भरलेल्या. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे काळी धूळ थेट आत. गाडीतून उतरले तेव्हा माझी पांढरी साडी कुठल्या रंगाची होती हे मलाच सांगता आलं नसतं. तिथे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, दमणी घेऊन उभे होते. दमणी ही माणसांना नेण्याची हलकी बैलगाडी. आतोबा बोलायला फार कमी. "आली का?" एवढं विचारून त्यांनी माझी ट्रंक उचलली.

दिवेलागणीला गाव आलं. (गावाचं नाव देत नाही. पुढची हकिकत वाचलीत की कारण कळेल.) वेशीबाहेर, वस्तीपासून बरंच लांब, झुडपांमध्ये एका खांबावर रॉकेलचा दिवा जळत होता. मी खूश होऊन म्हटलं, "वा आतोबा, तुमच्या गावाला रस्त्यावर दिवे आहेत की!"

आतोबा खाकरले. "हाव. पंचायतीनं लावला." मग काही कारण नसताना बैलांना रागावले.

रात्रीच्या जेवणाला चुलीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकर आणि ठेचा. कधी त्या बाजूला गेलात तर ठेचा पहिल्या दिवशी बोटाच्या टोकावर घ्या, शहाणपणा करू नका. मी केला. आत्या हसत हसत माझ्या ताटात दही वाढत राहिली.

सकाळी डफड्याच्या आवाजानं जाग आली. दवंडी फक्त गोष्टीत असते असं मी समजत होते. इथे गावाचं वर्तमानपत्र तेच होतं. पंचायतीची प्रत्येक बातमी दौलत कोतवालाच्या तोंडून निघायची आणि तिथून घरोघर जायची. दौलत म्हणजे उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस. गळ्यात डफडं. आवाज असा की विहिरीवरची कबुतरं उडावीत.

"ऐका होऽऽ ऐका! गुरायचा डॉक्टर येऊन राह्यला, ज्यानं त्यानं आपली जनावरं शाळेमागं बांधावीऽऽ! एक काळी बकरी कोंडवाड्यात हाये, ज्याची असन त्यानं घेऊन जावीऽऽ! इतवारी शाळेच्या ओट्यावर सभा हाये! अन् गोदरीवरचा दिवा कोणीतरी रोज विझवून राह्यलंऽऽ! सोमवारपासून तिथं राखणदार बसन होऽऽ!"

आत्याचा भाकरी थापणारा हात थांबला. शेजारची सून कुसुम विरजण मागायला आली होती, दिवस भरत आलेली. ती दारातच मटकन बसली. "आता व माय! राखणदार!" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग कुसुमचं पाणी थांबेचना. ती हसत नव्हती, रडत होती, हे मला जरा उशिरानं कळलं.

मी विचारलं तेव्हा आत्यानं समजावलं. गोदरी म्हणजे गावातल्या बायकांनी परसाकडे जायची जागा. घरी संडास कुणाकडेच नव्हता, सरपंचांकडेही नाही. बायका जायच्या ते पहाटे अंधारात, नाहीतर दिवस बुडल्यावर. पंचायतीला नवे दिवे मिळाले तेव्हा सरपंच म्हणाले, माझ्या दारात दिवा नको, आधी बायामाणसांची सोय करा. सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या आणि खांब रोवला थेट गोदरीच्या मध्यावर.

"उजेडात बसाचं कसं व बाई?" आत्या म्हणाली. "म्हणून विझवतो आमी. बाकीच्या वाट राखतात. कालबी मीच विझवला."

"तू विझवतेस? अगं, तू तर पंचायतीची सभासद!"

"मंग? बाकीच्यायचे हात पुरत नाईत," आत्या म्हणाली. ती तशी सव्वापाच फूट उंच होती, गावात तिच्याएवढी दुसरी बाई नव्हती.

आत्या सभासद होती ती कायद्यानं पंचायतीत बाई पाहिजे म्हणून. सभेला ती कधीच गेली नव्हती. दौलत घरी येऊन तिची सही घेऊन जायचा. याला कारणही तसंच होतं. सरपंच हे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर पदर खाली आणि तोंड बंद. त्यांना काही सांगायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस लागायचं. समोर भासरे बसलेले असले तरी आत्या म्हणायची, "त्याईले सांगा, च्या झाला." ते चहा घ्यायचे.

"मग आतोबांना सांग ना बोलायला."

"सांगतलं. ते म्हणतात, सभेत असलं बोलू कसा? साऱ्याच बाया घरी सांगून बसल्या, साऱ्यायचे घरवाले हेच म्हणतात. अन् भासऱ्यायनं सोताच्या दारचा दिवा आपल्यासाठी देला. त्याईचं मन काऊन मोडाचं?"

मला खरंतर राग आला होता, पण रागवायचं कुणावर तेच कळेना. इतकी भली माणसं आणि इतकी पंचाईत!

त्या संध्याकाळी मी लोटा घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. दिवा लागलेला. विझवला की दौलत येऊन पुन्हा लावायचा, सरपंचांचा हुकूम होता. म्हणून आता बायका गोदरीच्या पलीकडे नाल्याकडे वळायच्या. दिव्याच्या उजेडातून अंधारात शिरलं की काहीच दिसत नाही, हे मला त्या वाटेवर समजलं. पायाखाली गोटे, दोन्हीकडे बाभळीचे काटे. कुसुम माझ्या पुढे होती. नाल्याच्या उताराला तिचा पाय सरकला आणि ती बसकण मारत खाली गेली. आत्यानं तिचा दंड धरला, मी कंबर धरली, म्हणून पाण्यापर्यंत गेली नाही.

ती तिथेच दगडावर बसली. दोन्ही हात पोटावर. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी देवाचं नाव घेत होते, जे मी परीक्षेतही घेत नव्हते. मग कुसुमनं मोठा श्वास सोडला. "हालला," ती म्हणाली. "हालला व काकी."

परतताना आत्या कुसुमचा दंड धरूनच चालली. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, चूल पेटवली आणि आतोबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इतवारी मी जातो सभेले."

आतोबांनी अडकित्त्यातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "जा."

रविवारी शाळेच्या ओट्यावर पोतं अंथरलेलं. सरपंच मधोमध, पांढऱ्या मिशा, हसरा चेहरा. आत्या पदर नाकापर्यंत ओढून ओट्याच्या कडेला बसली, सभेकडे जवळजवळ पाठ करून. लिंबाच्या झाडामागे गावातल्या निम्म्या बायका उभ्या होत्या, कुसुम सगळ्यांत मागे. सभासद चुळबुळले, पण सभासदाला सभेतून उठवणार कोण! काळ्या बकरीवर बराच खल झाला. मग विषय आला राखणदाराचा.

आत्या दौलतकडे पाहून हळूच म्हणाली, "कोतवालभाऊ, त्याईले सांगा, राखणदार नोको."

दौलतला हळू बोलायची सवयच नव्हती. तो उभा राहिला आणि मान वर करून ओरडला, "राखणदार नोको म्हणतात होऽऽ!"

सभा हसली. सरपंचही हसले. "इचार त्याईले, काऊन नोको?"

"सांगा, दिवा चोर नाई विझवत. आमी बायाच विझवतो."

दौलत अर्ध्यावर थांबला. त्यानं आत्याकडे पाहिलं. "सांगा," आत्या म्हणाली. त्यानं सांगितलं. हसणं थांबलं.

"काऊन?" सरपंचांनी विचारलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

आत्यानं कारण सांगितलं, अगदी हळू. दौलत लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यानं आवाज खाली आणला आणि पायांकडे बघत काहीतरी पुटपुटला. कोपऱ्यात एक म्हातारे सभासद बसले होते, कानानं अधू. ते कानामागे हात धरून खेकसले, "काय म्हणते? ऐकू नाई येऊन राह्यलं. जोरानं सांग बे!"

आता दौलत बिचारा काय करणार? त्यानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि रोजच्या दवंडीच्या आवाजात सांगून टाकलं.

"उजेडात बसाले लाज वाटते म्हणतात होऽऽ! म्हणून अंधारात नाल्यावर जाऊन राह्यल्याऽऽ! तिथं पोटुशी बाई पडली होऽऽ!"

बाजारापर्यंत ऐकू गेलं असणार. सारी सभा पोत्याचे धागे बघत बसली. आतोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. सरपंचांचं हसू कधीच मावळलं होतं. त्यांनी लिंबाकडे पाहिलं, तिथल्या बायकांकडे पाहिलं, आणि मला सरपंचांची फार दया आली. एवढ्या प्रेमानं दिलेली गोष्ट अशी निघाली होती.

"दौलत," ते शेवटी म्हणाले, "त्याईले इचार, दिवा कुठं पायजे?"

दौलत तोंड उघडणार तेवढ्यात आत्या वळली. पदर तसाच खाली होता, पण ती सरळ भासऱ्यांशीच बोलली. "वळणावर. जिथून वाट उतरते तिथं. आमाले वाट दिसावी, आमी कोणाले दिसू नोये."

"बरं," सरपंच म्हणाले. तेही थेट तिलाच.

सोमवारी खांब उपटला. सरपंच स्वतः एका टोकाला धरून होते, नको नको म्हटलं तरी ऐकले नाहीत. त्याआधी सकाळी दवंडी झाली होती: सभासद पार्वताबाई यांच्या सांगण्यावरून दिवा वळणावर हलवून राह्यले होऽऽ! लग्न होऊन आल्यापासून आत्याचं नाव गावात असं मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. मी तिला चिडवलं, "आत्या, आता पुढारी झालीस." ती म्हणाली, "चूप बस," आणि मला एक टपली दिली. संध्याकाळी शेतात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, हुरडा तर रोजचाच. महाबळेश्वर मला एकदाही आठवलं नाही.

निघताना आतोबांना बुलढाण्यात काम होतं, म्हणून राजूरचा घाट पाहायला मिळाला. थंडीतल्या सकाळी तिथून खाली बघा, पिकांची शेतं पार नजर पोचेपर्यंत दिसतात. तिकडे जाणार असाल तर हा घाट दिवसाउजेडी करा. कुसुमला पुढे मुलगी झाली, हे मला उन्हाळ्यात कळलं.

पुण्याला पोचल्यावर रात्रीच्या जेवणाला बाबांनी विचारलं, "काय बातमी गावाची?" मी ताटावरून उठून दौलतच्या आवाजात अख्खी सभा करून दाखवली. बाबा आधी पोट धरधरून हसले. मी "दिसू नोये"पर्यंत आले आणि त्यांचं हसू थांबलं. बहिणीचा तो सूर त्यांना ओळखू आला असावा.

त्यांनी भातात आमटी कालवली. मग आईकडे बघून, जरा चाचरत म्हणाले, "काय गं, आपल्या या घरात तुला कशाची अडचण होते का?"

मला वाटलं, आई "मला कसली अडचण" म्हणेल. ती विचार करायलाही थांबली नाही.

"मोरीच्या दाराला आतून कडी नाही," ती म्हणाली आणि बाबांना आणखी भात वाढला. आम्ही त्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून राहत होतो.