असिसीच्या छताचा निळा

हिल्सबरोच्या आमच्या घरात टीव्हीखाली एक जाडजूड पुस्तक आहे, इटलीतल्या असिसीच्या चर्चवरचं. बायकोने ते पुण्यात आर्किटेक्चर शिकताना घेतलं होतं. न्यूझीलंडला येताना तिने मसाले काढून ते बॅगेत घातलं, तेव्हा मी तिच्यावर खेकसलो होतो.

तिला ते पाठ होतं. डोंगरउतारावर एकावर एक दोन चर्च. खालचं बुटकं, अंधारं, निळ्या छतावर सोनेरी चांदण्या. वरचं उंच, उजेडाचं, भिंतीभर तिथल्या संताची गोष्ट. भूकंपात वरचं छत कोसळलं, तेव्हा लोकांनी चित्रांचे तुकडे वेचून एकेक जुळवला. मी भूकंपासाठी इमारती मजबूत करणारा इंजिनिअर, मला रस फक्त त्या तड्यांत.

तिला काचबिंदू निघाला तेव्हा डॉक्टर स्पष्ट म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फार टिकणार नाही, काय बघायचं ते बघून घ्या. आणि मी, अकलेचा कांदा, दिवस मोजत बसलो. नागरिकत्वासाठी या देशात राहिल्याचे दिवस भरावे लागतात, आणि पुण्याच्या फेऱ्यांनी आमचे आधीच कमी पडले होते. म्हटलं, इथला पासपोर्ट आला की व्हिसाची कटकट नाही, थाटात असिसीला जाऊ. आपल्यातले सगळे असंच करतात. भारतीय पासपोर्टवरही व्हिसा मिळतो, असं ती एकदाच म्हणाली. मी ऐकलं नाही.

आधी बाजूची नजर गेली, मग मधली. शेवटी शेवटी ती एकच पान नाकाशी धरून बघायची. त्या पानावरच्या जुन्या चित्रातला पांढरा रंग काळवंडलाय, माणसं फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसतात. मला आता सगळंच असं दिसतं, असं ती शांतपणे सांगायची, आणि मी चहा टाकायला उठायचो. भित्रा मेला.

गेल्या आठवड्यात पासपोर्ट आले. वरातीमागून घोडं. तिने आपला हातात घेऊन पानं चाचपली. मी घाईघाईने म्हटलं, जाऊ या आता, मी तुला एकेक भिंत सांगेन.

"मग आत्ताच सांग," ती म्हणाली. "खालच्या छताचा निळा कसा आहे?"

पुस्तक उघडून मी त्या छताच्या पानाकडे बघत राहिलो. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून मी तेवढं एक बघितलं नव्हतं.

"निळाच आहे," मी म्हणालो.

तिने पासपोर्ट माझ्या हातात परत दिला आणि पुस्तक मिटून ठेवायला सांगितलं.