चुलतभावाच्या रानातली माती

चौऱ्याहत्तर साली मी एकतीस वर्षांचा होतो. आष्ट्याजवळच्या आमच्या रानात कीटकनाशकाच्या पावडरीचं पोतं फुटलं आणि पावसानं ते मातीत मुरलं. त्या तुकड्यात भुईमूग उगवायचा आणि जळून जायचा. शेतकी कॉलेजातल्या एका साहेबानं सांगितलं, जिथं वर्षानुवर्षं ही पावडर सांडते, तिथल्या मातीतल्या जिवाणूंना ती खायची सवय लागते. ती माती आणा आणि शेणखतात कालवून पसरा.

तसली माती होती चुलतभावाच्या रानात, तो फवारणीच्या पंपासाठी पावडर कालवायचा त्या जागी. बांधाच्या भांडणावरून आमचं बोलणं बंद. विचारायला मी काय त्याचा गडी होतो? भर दुपारी पाटी-खोरं घेऊन शिरलो.

तो धावत आला. "माझ्या रानाची माती न्हेऊन करणी करतोस व्हय रं?"

"तुझ्यावर करणी वाया घालवू व्हय?"

माझ्याच हातातलं खोरं हिसकावून त्यानं दांडा माझ्या कपाळात घातला. रक्तानं डोळे भरले. मी त्याला खाली पाडला आणि हात असा पिरगाळला की हाड मोडल्याचं ऐकू आलं. त्याच्या बायकोनं माझे केस ओढले, तवा त्याला सोडला. तिनं माझी पाटी तुडवून मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला फडकं बांधून, नवी पाटी घेऊन मी त्याच्या दारावरनंच गेलो. मोडका हात गळ्यात बांधून तो बाजेवर बसला होता.

"आवं, पुन्यांदा आलं बगा ते!" बायको ओरडली.

"न्हे, न्हे माती! हात बरा होऊ दे, त्यातच गाडतो तुला," तो बाजेवरनं म्हणाला.

मी पाटी भरली, ती माती शेणखतात कालवली आणि माझ्या तुकड्यात पसरली.