ज्ञानेश्वरीसाठी गोळ्यांचा रस्सा

तेरच्या बिरदेवचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. बायको हरणाबाई वारली तशी त्यानं मेंढरं विकली, दारात एक म्हैस ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा चुलीपुढं बसला. हळूहळू हात बसला. भाकरी फुगायला लागली, रश्श्याला तर्री यायला लागली. पण वा म्हणायला घरात कोण होतं? केलेलं आपणच वाढून घ्यायचं आणि आपणच उष्टं काढायचं.

लेक ज्ञानेश्वरी पुण्यात नोकरीला. तिनं मटण सोडलं, ते बिरदेवनं ऐकून घेतलं. पण पुढं दूध, दही, तूपसुद्धा सोडलं, तेव्हा धनगराच्या घराला ते सोसेना. गेल्या दिवाळीत ती नुसती काकडी खाऊन उठली आणि बिरदेवचा तोल गेला. "आमच्या अन्नात इख कालवलंय का गं?" ती दुपारच्या गाडीनं निघून गेली. तेव्हापासून फोनवर नुसती तब्येतीची चौकशी.

आणि परवा अचानक म्हणाली, "आबा, रविवारी लातूरला जाताना येते. जेवणाचं काही करू नका, मी डबा आणते."

लेक माहेरी येणार आणि डबा घेऊन? बिरदेव घाईनं म्हणाला, "डबा न्हाय आणायचा. तू खाशील तसं करतो. फक्त सांग."

तिकडचा आवाज जरा मऊ झाला. "धाराशिवात मोठ्या दुकानात सोयाबीनचे गोळे मिळतात बघा, खिम्याच्या गोळ्यांसारखे. पाकिटावर व्हीगन लिहिलेलं असतं. ते आईच्या रश्श्यात टाका. मटणासारखं शिजवत बसू नका, भुगा होईल."

"आन् पोटभर जेवलीस तर मुक्काम करशील?"

"जेवले तर करीन."

शनिवारी बिरदेव एसटीनं धाराशिवला गेला. दुकानातल्या गारढोण पेटीतून पाकीट काढून घेतलं आणि काखेतल्या घोंगडीत गच्च गुंडाळलं. घोंगडी ऊब धरते तशी गारवाही धरते, हे धनगराला कुणी सांगावं लागत नाही. घरी येऊन सोडलं तर पाकीट अजून दगडासारखं. ते त्यानं शेजारच्या सारजाबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिलं.

"भावजी, ह्ये काय हो?" सारजाबाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "आपल्याच शिवारातलं सोयाबीन नं? शहरात जाऊन मटणाचं सोंग घिऊन आलं व्हय?"

"सोंग असंना, वहिनी. माझ्या लेकीच्या पोटात गेलं म्हंजी झालं."

रविवारी ज्ञानेश्वरी आली. पाया पडली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओट्यावर सारजाबाईंशी बोलत बसली. आत बिरदेवनं कांदा-खोबरं काळसर भाजलं, पाट्यावर वाटलं, येसर मसाला घातला. रस्सा रटरटला तसा हरणाबाईच्या हातचा वास घरभर झाला. शेवटी गोळे सोडले. एकही फुटला नाही! बिरदेवचा चेहरा असा फुलला, जणू शिट्ट्या-टाळ्यांनी तमाशाचा तंबू दणाणलाय.

आणि तेवढ्यात त्याचा हात फळीवर गेला.

हरणाबाईची रीतच होती ती. माहेरवाशीण जेवायला बसायची म्हणजे पातेलं उतरवताना त्यात पळीभर कढवलेलं तूप सोडायचं. लेकीला कोरडं वाढू नये म्हणून. बिरदेवनं इतकी वर्षं ते बघितलं होतं. बघितलेलं हातानं आपसूक केलं. तूप तर्रीत मिसळून गेलं, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

ताट वाढलं. ज्ञानेश्वरीनं डोळे मिटून वास घेतला. "आबा! अगदी आईचा." तिनं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली. बिरदेवनं पळी ठेवायला हात मागं नेला आणि बोटाला तुपाचा ओशटपणा लागला.

घास तिच्या तोंडाशी होता. तिला कळलं नसतं. रात्रभर लेक घरात राहिली असती.

"थांब, पोरी. खाऊ नको."

"का?"

"तूप पडलं माझ्या हातनं. समद्या पातेल्यात."

तिनं घास ताटात ठेवला. मग तिनं रश्श्याची वाटी उचलून त्याच्यापुढं सरकवली आणि कोरडी भाकरी ठेच्यावर तेल घेऊन खाल्ली. "सांगितलं नसतं तर मला काय कळणार होतं, आबा?"

"मला कळलं असतं की."

ती हसली, पण डोळे भरले होते. हात धुतल्यावर ती उगाच घरभर फिरली, आईच्या फोटोवरची धूळ पुसली, बॅगेची चेन उघडली, लावली. राहा म्हणावं असं बिरदेवच्या अगदी ओठावर आलं होतं. म्हणाला असता तर ती राहिलीही असती. पण जेवली तर मुक्काम, असं ठरलेलं. आता कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यानं बॅग उचलून खांद्याला अडकवली आणि तिच्या पुढं चालू लागला.

गाडी सुटताना ती खिडकीतून म्हणाली, "पुढल्या वेळी चुलीपुढं मी बसते."

"बस की," बिरदेव म्हणाला. कधी येशील, हे विचारेपर्यंत गाडी वळली होती.

दिवेलागणीला त्यानं रस्सा गरम केला. गोळा दातांखाली मोडला, मसाला आतपर्यंत मुरला होता.

"मीठ बरोबर झालंय," तो मोठ्यानं म्हणाला आणि दुसरी भाकरी घ्यायला उठला.